गोष्टीतला वाघ

मुरगाव बंदराभोवतीच्या आमच्या मराठी घरांत वाघाची डरकाळी ऐकू येते ती केवळ गोष्टीत. तीही मुलांना भिववील म्हणून काही पालक ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’मधला वाघ अगदी गरीब करून सांगतात. आम्हांस हे पटत नाही. लेकीकडे निघालेली अशक्त म्हातारी वाघाला बळाने नव्हे, शब्दाने थोपविते. परतताना भोपळ्यात बसते. आत कोण आहे, हे वाघाला ठाऊक नसते. ऐकणाऱ्या मुलाला मात्र असते. भयाहून आपल्याला अधिक कळते, हा अनुभव त्याला येथे प्रथम मिळतो. वाघ निरुपद्रवी केला, तर म्हातारीची युक्तीही व्यर्थ, आणि मूल आपल्या भीतीसह एकटेच उरते.

गोव्याच्या रानालगतच्या गावांनी वाघाला ‘वाघ्रो’ म्हणून पाषाणात पूजिले, ते त्याचे भय मान्य करूनच. त्याच गोव्यात, सत्तरीतील गोळावलीच्या रानात, जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मृत आढळले. भयाला युक्तीनेही उत्तर देता येते, हे बालपणीच मनात रुजावयास हवे. म्हणून वाघाचे दात काढू नयेत; मुलाला जवळ घ्यावे आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगावी.