साठच्या आत

गोंदिया म्हणजे धान आणि तलाव. इथली पोरं पर्यटकांना दोरावरून उतरवायला शिकतात हे ऐकून नवल वाटलं, म्हणून सालेकसा तालुक्यातल्या हाजरा फॉल या धबधब्याला गेलो.

हार्नेस, हेल्मेट, आठाची गाठ हे पाच मिनिटांत आटोपलं. वेळ खाल्ला तो दोराच्या तपासणीनं. विशीतला एक पोरगा दोर चिमटीतून वीत-वीत सरकवत होता. ओल्या नायलॉनचा कुबट वास सुटला होता. एके ठिकाणी तो थांबला, तीच जागा पुन्हा चेपून पाहिली. "इथं नरम लागते, भाऊ." वरचं वेष्टण धड होतं, आतला गाभा बसलेला. त्यानं तिथंच चाकू लावला. हजारोंची वस्तू कापली जाताना मलाच कसंतरी झालं. त्याच्या कपाळावर आठीही नव्हती.

मग दोन झाडांना पट्टे बांधून ते एका कडीत आणले. "साठच्या आत ठेव," प्रशिक्षक ओरडले. म्हणजे दोन पट्ट्यांमधला कोन. 80 किलोचा माणूस 60 अंशांवर लटकला, तर प्रत्येक झाडावर साधारण 46 किलोंची ओढ. कोन 120 झाला की दोन्हीकडे पुरे 80. 150 ला दीडशेच्या वर. माणूस तोच, झाडंही तीच! पट्टा आखूड पडत होता. पोरानं तो सोडून लांब घेतला. साठच्या आत.

हेच कौशल्य बचावालाही लागतं. सह्याद्रीत कुणी कड्यावर अडकलं तर लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखी बचाव पथकं धावतात. 2018 च्या जुलैत आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा दरीतून मृतदेह वर काढायला ट्रेकर मंडळीच उतरली होती. ती मंडळी राज्याच्या दुसऱ्या टोकाला. इथं पहिल्या तासात पोचणार ती गावातलीच पोरं. त्यांना हंगामी मजूर समजणं मला पटत नाही.

आणि खरी भीती दोरावरच्या माणसाची नाहीच. शेवाळलेल्या कातळावर मोबाइल धरून मागे सरकणाऱ्याची आहे.

दुपारी एका पाहुण्यानं केस बिघडतात म्हणून हेल्मेट नाकारलं. पैसे भरलेत, असंही सुनावलं. पोरानं वाद घातला नाही. पाहुण्याच्या हार्नेसची कडी सोडली आणि म्हणाला, "पैसे परत घेऊन जा जी."