दोन थेंबांचे दप्तर

जिला स्वतःची इमारत नाही, जिच्या दारावर पाटी नाही, आणि जिची बहुसंख्य माणसे वर्षातील मोजके दिवस तिची असून एरवी अंगणवाडीत, शाळेत किंवा आपापल्या प्रपंचात गुंतलेली असतात, तिला संस्था म्हणावे की नाही, असा प्रश्न एखाद्या काटेकोर कायदेपंडितास पडू शकेल. परंतु भारतातील पोलिओ-निर्मूलनाच्या मोहिमेचा कारभार ज्याने जवळून पाहिला, त्याला तो पडणार नाही. ऐन भरात असताना या मोहिमेने एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे २४ लाख माणसे कामाला लावली आणि पाच वर्षांखालील सुमारे १७ कोटी बालकांच्या मुखात लशीचे दोन दोन थेंब घातले. खानेसुमारी आणि सार्वत्रिक निवडणूक सोडली, तर इतका मोठा बंदोबस्त स्वतंत्र भारताच्या राज्ययंत्रणेने क्वचितच केला असेल. आणि खानेसुमारी दहा वर्षांतून एकदा व्हावयाची, तर ही फेरी वर्षातून अनेकदा, आणि काही जिल्ह्यांत जवळजवळ महिन्यागणिक. लोकांच्या स्मरणात ‘दो बूँद जिंदगी की’ ही घोषणा आणि अमिताभ बच्चन यांचा दरडावणारा आवाज राहिला, हे स्वाभाविकच आहे. तथापि या यशाचे श्रेय केवळ लशीला देणारा मनुष्य निम्मीच हकीकत सांगतो. कारण उरलेली निम्मी हकीकत कागदाची, खडूची आणि रुजवातीची आहे.

या रोगाचा स्वभाव समजल्याखेरीज इतक्या खटाटोपाचे प्रयोजन उमगत नाही. देवीचा रोग आपली सनद रोग्याच्या तोंडावरच लिहून ठेवी. त्यामुळे रोगी शोधावा, त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचावे आणि रोगाची वाट अडवावी, ही युक्ती तेथे लागू पडली, आणि १९७५ साली तो रोग या देशातून गेला. पोलिओचा विषाणू असा प्रामाणिक नाही. तो विष्ठेवाटे बाहेर पडतो, दूषित पाण्यातून, हातांतून, अन्नातून दुसऱ्या बालकाच्या आतड्यात शिरतो, आणि बाधा झालेल्या सुमारे दोनशे बालकांपैकी एकालाच कायमचे पांगळे करतो. बाकीच्यांना थोडा ताप येतो, किंवा तोही येत नाही. परंतु विषाणूचे वाहक मात्र ती सर्व होतात. सारांश, एखाद्या वस्तीत पहिले मूल लुळे पडल्याची वार्ता येते, तेव्हा विषाणू शेकडो घरे हिंडून पुढच्या गावी पोहोचलेला असतो. अशा शत्रूचा पाठलाग करून उपयोग नसतो; त्याला थारा देणारे एकही आतडे शिल्लक राहू नये, एवढाच उपाय उरतो.

त्यासाठी लशी दोन होत्या. १९५५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली जोनास साल्क यांची मृत विषाणूंची लस सुईने टोचावी लागे. त्यानंतर काही वर्षांनी आलेली आल्बर्ट सेबिन यांची, दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची लस तोंडावाटे देता येई. दुसरी स्वस्त होती, तिला सुई लागत नव्हती, थोड्याशा शिक्षणानंतर कोणीही ती पाजू शकत होते. परंतु युरोप-अमेरिकेत तीन मात्रांनी जे काम होई, ते भारतात होत नाही, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते. येथील बालकांच्या आतड्यांत इतर जंतूंची इतकी गर्दी आणि अतिसाराचा इतका उपद्रव, की लशीतील विषाणूला तेथे पाय रोवता येत नसे. म्हणून मात्रा पुनःपुन्हा द्याव्यात आणि एका प्रदेशातील सर्व बालकांना एकाच वेळी द्याव्यात, या विचाराला जोर आला. ‘पल्स पोलिओ’ या नावाने जी पद्धत पुढे घरोघर ठाऊक झाली, तिचे मर्म हे असे आहे. या कामी महाराष्ट्राचा वाटाही लहान नव्हे. वाल्देमार हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीमुळे ख्यातनाम झालेल्या परळच्या जुन्या आवारातून हाफकिन महामंडळाने या लशीच्या कुप्या भरून देशाला आणि युनिसेफमार्फत परदेशांनाही पुरविल्या.

नित्याच्या लसीकरणाचा कार्यक्रम देशात १९७८ पासून होता, १९८५ साली त्याची व्याप्ती वाढली. पण त्याची पोच असमान होती. १९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने २००० सालापर्यंत जगातून पोलिओ घालविण्याचा ठराव केला, तेव्हा जगातील सव्वाशे देशांत मिळून वर्षाकाठी सुमारे साडेतीन लाख बालके त्याने पांगळी होत होती, आणि भारत त्यांत अग्रभागी होता. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्ष वर्धन यांनी राजधानीपुरता ‘पल्स पोलिओ’ पद्धतीचा अवलंब केला, आणि तो यशस्वी झालेला पाहून केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६ या तारखा सबंध देशाकरिता मुक्रर केल्या. प्रथम तीन वर्षांपर्यंतची, नंतर पाच वर्षांपर्यंतची बालके या मोहिमेच्या कक्षेत आली. मात्र बूथ मांडून बसले असता जी बालके येतात, ती बहुधा आधीही आलेलीच असतात, आणि जी येत नाहीत त्यांच्यातच विषाणू नांदतो, हे थोड्याच वर्षांत ध्यानी आले. आणि शतक संपता संपता सेविकांची पथके घरोघर जाऊ लागली. येथून या यंत्राला त्याचे खरे रूप प्राप्त झाले.

ते रूप पाहण्यासारखे आहे. फेरीच्या आधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हाताने काढलेले नकाशे तयार होत. कोणते पथक कोणत्या घरापासून आरंभ करील, कोणत्या गल्लीने जाईल, कोठे थांबेल, हे दिवसवार लिहिलेले असे. लस उणे वीस अंशांच्या शीतपेटीतून निघे आणि बर्फाच्या लाद्या घातलेल्या लहान पेटीतून सेविकेच्या खांद्यावर लटकत दारापर्यंत पोहोचे. वाटेत तिला ऊन लागले की नाही, याची साक्ष कुपीवरचे एक वर्तुळ देई: वर्तुळातील फिकट चौकोन बाहेरच्या रंगाइतका गडद झाला, की ती कुपी बाद. थेंब पाजल्यावर बालकाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण होई, आणि घराच्या भिंतीवर खडूने क्रमांक, तारीख व एक अक्षर उमटे. घरातील सर्व बालकांना लस मिळाली असेल तर ‘पी’. एकही राहिले असेल तर ‘एक्स’. आणि ‘एक्स’ लिहून कामगिरी संपत नसे, ती तेथून सुरू होई. घराला कुलूप आहे, मूल मामाच्या गावी गेले आहे, आजारी आहे, की घरच्यांनी नकार दिला आहे, याचा तपशील तक्त्यात भरावा लागे; संध्याकाळच्या बैठकीत त्या तक्त्यांची रुजवात होई, आणि दुसऱ्या दिवशी दुसरे पथक नेमक्या त्याच घरांवर पाठविले जाई. वीटभट्ट्या, ऊसतोडणी कामगारांचे तळ, बांधकामांवरच्या झोपड्या, भटक्यांची पाले, रेल्वेचे फलाट, यात्रा, नदीवरचे उतार, जेथे जेथे कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेली मुले सापडण्याचा संभव, तेथे तेथे पथके उभी राहिली. ज्या सरकारच्या दप्तरात गरिबाच्या मुलाला बहुधा जन्मतारीखसुद्धा नसे, त्याच सरकारने ‘आज कोणते मूल राहिले?’ हा प्रश्न रोज संध्याकाळी स्वतःला विचारावा, ही आमच्या मते या मोहिमेतील सर्वांत अपूर्व गोष्ट होय. परंतु या यंत्राचे चलन अखेर माणसाच्या अवधानावर आहे, याची कटू आठवण जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात झाली. तेथे १२ बालकांना लशीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रावण पाजले गेले, आणि ती सुदैवाने बचावली.

दुसरे दप्तर रोगाच्या पाळतीचे. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि भारत सरकार यांनी मिळून राष्ट्रीय पोलिओ पाळत प्रकल्प उभारला. पंधरा वर्षांखालील कोणाही बालकाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, तर कारण काहीही असो, त्याची वर्दी द्यावी. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, त्याच्या शौचाचे दोन नमुने बर्फात घालून प्रयोगशाळेत रवाना करावेत, असा दंडक होता. वर्दी देणाऱ्यांत सरकारी डॉक्टर होते तसे खाजगीही होते, आणि झाडपाला देणारे वैदू व मांत्रिकही होते. कारण पाय लुळा पडलेले मूल आईबाप प्रथम कोणाकडे नेतात, हे खात्याने जाणले होते. या पद्धतीत एक मार्मिक व्यवस्था आहे. इतर रोगांनीही काही बालकांना असा लुळेपणा येतोच, त्याचे प्रमाण ठाऊक आहे. तेव्हा एखाद्या जिल्ह्यातून असे एकही मूल कळविले गेले नाही, तर तो जिल्हा निरोगी न मानता झोपलेला मानावा. जेथे काही आढळले नाही, तेथूनही ‘काही आढळले नाही’ असा साप्ताहिक अहवाल यावाच लागे. नमुन्यांची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळांत मुंबईचे एंटरोव्हायरस संशोधन केंद्र अग्रगण्य होते. आणि मुंबईतच २००१ पासून गटारांच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू झाली, जेणेकरून एकही मूल लुळे न पडता शहरात विषाणू वावरत असेल, तर तो सांडपाण्यात पकडला जावा. तेथे शेवटचा रानटी, म्हणजे लशीतून न आलेला, विषाणू नोव्हेंबर २०१० मध्ये सापडला.

हे सर्व सरळ रेषेत घडले असे मात्र नव्हे. २००२ साली देशात १,६०० बालके पोलिओने पंगू झाली आणि त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातील होती. पश्चिम उत्तर प्रदेशातील मुसलमान वस्त्यांत हे थेंब म्हणजे संततिनियमनाचा छुपा डाव आहे, अशी आवई उठली होती. ती खोटी होती; पण आणीबाणीत नसबंदीच्या सक्तीचा अनुभव घेतलेल्या मुलखात ती निराधार वाटली नाही, याचा दोष केवळ अज्ञानाला देता येत नाही. काही गावांनी निराळ्याच कारणाने दारे लावली: सडक द्या, वीज द्या, मग थेंब पाजा. जे सरकार एरवी फिरकत नाही, ते या एकाच कामासाठी महिन्या-दोन महिन्यांनी दार का ठोठावते, हा त्यांचा सवाल अडाणीपणाचा नव्हता. धाकदपटशाने येथे काही साधणार नाही हे उमगल्यावर मोहल्ल्यातीलच स्त्रियांना समजावणीच्या कामी नेमण्यात आले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या संस्थांनी साहाय्य केले, मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून फेरीची तारीख पुकारली जाऊ लागली, आणि ‘एक्स’ची घरे हळूहळू ‘पी’ झाली.

मनांचा अडथळा दूर होत असताना आतड्यांचा अडथळा उरलाच होता. उत्तर प्रदेश-बिहारात दहा-दहा मात्रा मिळालेली बालकेही पंगू होत होती. पोलिओचे विषाणू तीन प्रकारचे; त्या तिन्हींची एकत्र लस तेथे फारच क्षीण ठरते, असे संशोधनाने सिद्ध झाले. तेव्हा २००५ पासून एकेकाच प्रकाराविरुद्धची आणि २०१० पासून दोन प्रकारांविरुद्धची लस वापरात आली. बिहारात कोसी नदीच्या पात्रातील वस्त्या, ज्या पुराबरोबर जागा बदलतात आणि जेथे पोहोचण्यास होडी, मोटारसायकल आणि पायपीट ही तिन्ही साधने लागतात, त्यांच्यासाठी पात्रातच मुक्काम करणारी पथके ठेवण्यात आली. दोन्ही राज्यांतील सर्वांत धोक्याचे १०७ विकासखंड निवडून तेथे लशीबरोबर स्वच्छ पाणी, शौचालये, स्तनपान आणि अतिसारावरील जस्ताच्या गोळ्या यांचाही विचार झाला. २००९ साली ७४१ रुग्णांसह भारत जगात पहिला होता. २०१० साली ती संख्या ४२ वर आली. आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात एका अठरा महिन्यांच्या मुलीला जो लुळेपणा आला, तो या देशातील रानटी पोलिओचा अखेरचा ठरला. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारताचे नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून वगळले गेले, आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशियाच्या सबंध विभागाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

दाखला मिळाला म्हणून दप्तर बांधून ठेवता आले नाही. पाकिस्तान व अफगाणिस्तान येथे विषाणू अद्याप आहे, आणि सरहद्दीवर येणाऱ्या प्रवाशांना लस द्यावी लागते. शिवाय लशीतील दुर्बल विषाणूच, जेथे लसीकरण अपुरे असते तेथे, फिरत फिरत कधी पुन्हा उग्र होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मेघालयात असा लसजन्य रुग्ण आढळला. हा धोका आधीच ओळखून २०१५ च्या अखेरीपासून साल्क यांच्या सुईच्या लशीला भारताच्या नित्य कार्यक्रमात स्थान मिळाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये दुसऱ्या प्रकारचा विषाणू तोंडी लशीतून काढून टाकण्यात आला.

या मोहिमेने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: आपल्या राज्ययंत्रणेला शेवटच्या घरापर्यंत जाता येते, शेवटचे मूल मोजता येते, आणि मोजणीत कसूर झाली तर दुसऱ्या दिवशी ती सुधारता येते. म्हणूनच यापुढे ‘अशक्य’ ही सबब तिला सांगता येणार नाही. पोलिओचे नकाशे आणि पाळतीची माणसे गोवराच्या व इतर लसीकरणाच्या कामी लागली आहेत, हे ठीकच झाले. परंतु कोसीकाठी जे उघडकीस आले, ते लशीपेक्षा मोठे होते. दोन थेंबांना दहा वेळा दार ठोठावावे लागले, कारण त्या दारापुढून उघडे गटार वाहत होते. विषाणू गेला; गटार पुष्कळ ठिकाणी तसेच आहे. आणि ज्या गावांनी थेंबांआधी सडक व वीज मागितली, त्यांनी मागितलेल्या वस्तूंचा हिशेब, भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांइतक्या चिकाटीने, अजून कोणत्याही दप्तरात ठेवला गेलेला नाही.