पायाखालचा दख्खन (भाग ७) : बुडबुड्याच्या जागी गार

गेल्या आठवड्यात आपण लाव्ह्याचे थर पाहिले. आज त्यांतल्या पोकळ्या पाहू.

विहीर खोदताना काळा पाषाण संपून पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा खडक लागला की खोदणारे म्हणतात, "मांजऱ्या लागला." गडहिंग्लजजवळच्या अशाच एका विहिरीच्या ढिगाऱ्यात मला लिंबाएवढा खडा मिळाला. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड, अंगावर हिरवट पूड. फोडला तर आत केसासारख्या बारीक राखाडी-पांढऱ्या रेघा, कडेच्या प्रत्येक खाचेला धरून वळलेल्या. मधोमध खडीसाखरेसारखे स्फटिक. हाच अकीक. आपण मात्र सरसकट गार म्हणून तो बांधावर भिरकावतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, तेव्हा सोड्याची बाटली उघडावी तसा त्यातला वायू वर धावला. वरची साय आधी थिजली आणि बुडबुडे तिच्याखाली अडकले. म्हणून प्रत्येक थराच्या माथ्याशी मांजऱ्या जास्त.

पुढचं काम पाण्याचं. काळ्या पाषाणात वजनाने जवळपास निम्मी सिलिका असते. फटींतून झिरपणारं पाणी ती कणाकणाने विरघळवतं आणि पोकळीत आणून सोडतं. आधी भिंतीवर हिरवट खनिजाचं अस्तर बसतं, मग सिलिकेचे सूक्ष्म तंतू भिंतीकडून आत वाढत जातात. पट्टे का पडतात यावर अजून एकमत नाही. पाण्याचा पुरवठा बदलत गेला म्हणून, असं काही म्हणतात. जेलसारख्या सिलिकेत ते आपोआप उमटले, असं इतर. झाडाच्या वलयांसारखी त्यांवरून वर्षं मात्र मोजता येत नाहीत. कधीकधी तळाशी सरळ आडवे पट्टे दिसतात. गाळ साचावा तशी सिलिका तिथे बसलेली असते. तो खडा खडकातच असेल, तर ते पट्टे पाणसळीचं काम करतात: पुढे जमीन कलली का, ते सांगतात.

आता याच गडहिंग्लज तालुक्यातल्या सामानगडावर चला. पायाखाली जांभा. तोही पाण्यानेच घडवला, पण उलट्या रीतीने. पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तीच सिलिका खालच्या गारेत उतरली असं समजू नका, दोन्हींचे काळ वेगळे. पण करणी एकच. मला हे फार मोलाचं वाटतं: एकाच तालुक्यात सिलिका निघून गेल्यावर उरलेला दगडही सापडतो आणि सिलिका येऊन साठलेलाही.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात असे पट्टेदार दगड पैठणहून गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. आपल्या विहिरींतले खडे इतके देखणे क्वचितच निघतात. पण काळ्या पाषाणाची कुजून माती होते, गारेची होत नाही. म्हणून नांगरटीनंतरच्या पहिल्या पावसात ती शेतात उघडी पडते. ओली असतानाच उचला आणि पातळ कडेने उन्हासमोर धरा, रेघा उजळतात.