जनावरांच्या पाण्याचा हिशेब दिवाळीतच मांडावा

बीड जिल्ह्यातील दहिवंडी (ता. शिरूर कासार) येथील शब्बीर सय्यद यांना गोपालनाच्या कार्याबद्दल 2019 मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. छावणी म्हटली की आपण चाऱ्याचाच विचार करतो. वस्तुतः चारा दुरून आणून महिनाभर रचून ठेवता येतो. टँकरची वाट मात्र रोज पाहावी लागते. म्हणून गोशाळा असो वा चार गुरांचा गोठा, पाण्याचा हिशेब दिवाळीतच मांडलेला बरा.

उन्हाळ्यात मोठ्या गाईला दिवसाला साधारण 50 लिटर पाणी धरावे. दुभतीला त्याहून अधिक. दहा जनावरांना चार महिन्यांसाठी सुमारे 60,000 लिटर झाले. आता गोठ्याचे पत्र्याचे छप्पर पाहा. 100 चौरस मीटर छपरावर 600 मिलिमीटर पाऊस पडला, तर सांडलवंड वजा जाता 48,000 लिटर पाणी टाकीत येते, म्हणजे त्या दहा जनावरांची तीन महिन्यांची सोय! पाऊस निम्माच झाला, तरी दीड महिना निभावतो. पहिल्या पावसाचे धुळकट पाणी तेवढे बाहेर सोडावे.

शेततळ्याची गोष्ट निराळी. 30 मीटर लांब, तितकेच रुंद व 3 मीटर खोल तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. पण ते उघडे असते. कडक उन्हात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी भरलेल्या तळ्यातून रोज सुमारे 7,000 लिटर पाणी जाते. एवढ्यात 140 जनावरांची तहान भागली असती. बीडच्या खजाना विहिरीचे पाणी सोळाव्या शतकापासून भुयारी मार्गाने शेतांकडे नेले आहे, त्यामागील शहाणपण यावरून ध्यानात यावे.

म्हणूनच कूपनलिकांचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेली तळी भरण्याची रीत आम्हांस मुळीच पटत नाही. भूगर्भातील पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचेही असते. ते वर काढून उन्हात ठेवायचे, आणि मार्चमध्ये साऱ्या गावाने टँकर मागायचा! तळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे, पिकाला ठिबकने द्यावे, आणि गुरांसाठी झाकलेली टाकी वेगळी राखावी.

आणखी एक. प्लास्टिकच्या निसरड्या उतारावरून पाण्यात पडलेले जनावर, किंवा मूलही, वर येऊ शकत नाही. तळ्याला कुंपण घालावे व आत गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवावा.