छपाई अडते कोठे?

खाली पेढी आणि वर राहते घर, अशी रचना असलेल्या व्यापारी कुटुंबांत एकच प्रिंटर साऱ्यांच्या उपयोगी पडतो. गादीवरच्या संगणकातून बीजके निघतात, वरच्या मजल्यावरून मुलांचे प्रकल्प आणि परीक्षांची प्रवेशपत्रे. हा व्यवहार सुरळीत चालतो तोवर त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मात्र मालाची गाडी दारात उभी असावी आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ ही अक्षरे उमटावीत, म्हणजे घरभर धावपळ उडते. घाईत जो तो सुचेल ती सेटिंग बदलतो; कोणी फायरवॉल बंद करतो, कोणी पासवर्ड काढून टाकतो. कागद कदाचित बाहेर पडतो, परंतु त्याबरोबर पेढीच्या हिशेबांचे दारही उघडे राहते.

हे टाळावयाचे तर छपाईचा मार्ग ध्यानात घ्यावा. वरच्या लॅपटॉपवरून निघालेले काम राऊटरकडे जाते, तेथून प्रिंटर ज्याला जोडला आहे त्या संगणकाकडे आणि अखेरीस प्रिंटरकडे. या साखळीतील कोणतीही कडी निखळली, तरी परिणाम एकच दिसतो. म्हणून तपासणी प्रिंटरच्या टोकापासून सुरू करावी.

आधी जवळचे

प्रिंटर जोडलेल्या संगणकावरूनच एक चाचणी पान काढून पाहावे. तेही निघाले नाही, तर दोष नेटवर्कचा नाही. केबल, कागद, शाई किंवा अडकलेले जुने काम यांकडे पाहावे. छपाईची कामे रांगेत लावणारी ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा विंडोजमध्ये असते. एक काम अडले की मागची सारी खोळंबतात. रांगेतील कामे रद्द करावीत. तरीही ती हलली नाहीत, तर ही सेवा बंद करून पुन्हा सुरू करावी.

पान निघाले, तर पुढची शंका त्या संगणकाच्या झोपेची. काही वेळ वापर नसला की तो ‘स्लीप’ अवस्थेत जातो आणि वरच्या मजल्याला प्रिंटर दिसेनासा होतो. पेढीच्या वेळेत तो जागा राहील, अशी व्यवस्था करावी.

मग वाट

त्यानंतर दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर आहेत ना, हे पाहावे. अनेक राऊटरवर पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाचे वेगळे जाळे असते. त्यावरील यंत्रांना मुख्य जाळ्यावरची यंत्रे सहसा दिसत नाहीत. घरातला लॅपटॉप चुकून तेथे जोडला गेला, तर इंटरनेट उत्तम चालते आणि प्रिंटर मात्र सापडत नाही.

नवा राऊटर बसवल्यावर आणखी एक अडचण संभवते. विंडोज अनोळखी जाळ्याला ‘पब्लिक’ समजते आणि सामायिक वापर रोखते. स्वतःच्या घरातील जाळे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट’ करावे व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू ठेवावे. जुन्या पिढीतील संगणकांवरचे ‘होमग्रुप’ आता शोधू नये. विंडोज १० मधून ते २०१८ साली काढून टाकण्यात आले.

प्रिंटर थेट राऊटरला जोडलेला असेल, तर वीज जाऊन आल्यावर त्याचा नेटवर्कवरील पत्ता बदलू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर काम पाठवत राहतो. राऊटरमधील ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ या सोयीने प्रिंटरला कायमचा पत्ता नेमून द्यावा.

किल्ली आणि कुलूप

दुसऱ्या संगणकाने नाव व पासवर्ड विचारला, की पुष्कळजण रोजचा चार-सहा आकडी पिन टाकतात आणि तो नाकारला गेला की गोंधळतात. पिन ज्या यंत्रावर ठरवला त्याच्यापुरताच असतो. जाळ्यावरून जाताना खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. छपाईसाठी पेढीच्या संगणकावर साध्या अधिकारांचे एक स्वतंत्र खाते उघडून ठेवणे सोयीचे.

येथेच मोह होतो. पासवर्डची अट काढली किंवा संपूर्ण ड्राइव्ह सर्वांना खुला केला, की काम झटपट होते. पण आल्यागेल्या ग्राहकालाही मुख्य वाय-फायचा पासवर्ड दिला जात असेल, तर तोही त्याच जाळ्यावर येतो. त्याच संगणकात उधारी, बँकेची विवरणे आणि कराचे कागद असतात. म्हणून सामायिक करावा तो केवळ प्रिंटर, आणि पाहुण्यांना द्यावे ते ‘गेस्ट’ जाळे.

ही भीती काल्पनिक नाही. २०२१ साली प्रिंट स्पूलरमध्येच ‘प्रिंटनाईटमेअर’ या नावाने ओळखला जाणारा गंभीर दोष उघडकीस आला आणि जुलै महिन्यात मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमधील सुरक्षा-अद्यतनानंतर अनेकांची सामायिक छपाई बंद पडली. पडद्यावर ‘११-बी’ने संपणारा त्रुटिक्रमांक दिसू लागला. अद्यतनच काढून टाकावे किंवा नवे संरक्षण बंद करावे, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला गेला व आजही दिला जातो. छपाईची गैरसोय त्याने मिटते, पण बुजवलेले भगदाड पुन्हा मोकळे होते. योग्य क्रम असा: दोन्ही संगणक अद्ययावत करावेत, दोहोंवर प्रिंटरचा योग्य ड्रायव्हर बसवावा आणि तरीही जमले नाही, तर प्रिंटर वाय-फायने वा केबलने थेट राऊटरलाच जोडावा. मग कोणाचाही संगणक जागा ठेवण्याची गरज उरत नाही.

सारे सुरळीत झाल्यावर प्रिंटरचे नाव, त्याचा पत्ता आणि तो कोणत्या संगणकाला वा राऊटरला जोडला आहे, एवढे एका कागदावर लिहून यंत्राजवळ लावावे. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. संगणकाचे जाणते मूल शिक्षणासाठी परगावी असले, तरी पेढीवरची वडीलधारी मंडळी त्या कागदावरून फोनवर नेमकी माहिती सांगू शकतील आणि गाडी बीजकासह वेळेवर निघेल.