गाडीचा आवाज हवाय खालच्या पट्टीत?

मफलर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? थंडीत आजोबांनी कानाला गुंडाळलेला लोकरीचा पट्टा, बरोबर? गाड्यांच्या दुनियेतही मफलर असतो. गॅरेजमध्ये त्याला सायलेन्सर म्हणतात. आणि जुन्या गाडीचं वेड असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की हा सायलेन्सर बदलावा आणि गाडीनं मस्त खालच्या पट्टीत बोलावं.

मलाही वाटलं. माझ्या मामाकडे कॉन्टेसा क्लासिक आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ती फक्त रील्समध्ये पाहिली असेल. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ ते २००२ या काळात बनवलेली ही गाडी. मूळ डिझाइन ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, पण लांब बॉनेट आणि चौकोनी चेहऱ्यामुळे दिसते थेट अमेरिकन मसल कार. चावी फिरवली की आवाज मात्र अगदी गुणी मुलासारखा! परीक्षा संपल्यावर मी मामाच्या मागेच लागले. जुना सायलेन्सर गंजून फुटलाच होता, त्यामुळे तो तयार झाला. अट एकच : ‘‘आजीला दर महिन्याला चेकअपला याच गाडीतून न्यायचंय. तिची तक्रार आली तर खर्च तुझ्या खिशातून.’’

अट मी हसण्यावारी नेली. तिथेच चुकले.

मोठा म्हणजे खोल नव्हे

पहिल्या गॅरेजमध्ये मी सांगितलं, ‘आवाज भारी पाहिजे.’ त्यांनी सायलेन्सर कापला आणि सरळ पाइप जोडून दिला. गाडी सुरू झाली तेव्हा मला जग जिंकल्यासारखं वाटलं. हायवेला लागलो आणि वीस मिनिटांत डोकं भणभणायला लागलं. २४०० आरपीएमच्या आसपास अख्ख्या केबिनमध्ये एकसुरी घुमणारा ‘हूंऽऽ’. आजी पहिल्याच फेरीत म्हणाली, ‘‘मला रिक्षानं ने बाई.’’ त्यात हॉस्पिटलच्या गेटवर वॉचमननं ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते.

मग दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी मला खाली बसवून समजावलं. ‘‘पोरी, तुला मोठा आवाज पाहिजे की खोल?’’ हा प्रश्न तुम्हीही आधी स्वतःला विचारा. कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

व्ही-एटचं स्वप्न सोडा

आपल्या डोक्यात जो ‘गुडगुड’ आवाज बसलेला असतो, तो अमेरिकन व्ही-एट इंजिनाचा. गंमत बघा, २४०० आरपीएमला चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला ८० धक्के देतं, तर आठ सिलिंडरचं १६०. म्हणजे व्ही-एटचा सूर खरं तर वरचा असायला हवा! पण त्या इंजिनांत प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरचे धक्के सारख्या अंतरानं येत नाहीत. त्या विस्कळीत तालामुळे तो घरघरता आवाज तयार होतो. कॉन्टेसा क्लासिकमध्ये आहे इसुझूचं १.८ लिटरचं चार सिलिंडरी इंजिन. त्याचे धक्के घड्याळासारखे समान. कोणताही सायलेन्सर लावा, ते व्ही-एट होणार नाही. पण त्याचा स्वतःचा आवाज भारदस्त नक्कीच होऊ शकतो.

आत नेमकं काय असतं?

सायलेन्सरचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्यात आत कप्पे असतात. आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. कंपनीच्या बहुतेक गाड्यांत हाच प्रकार असतो. दुसऱ्यात मधून सरळ, भोकांची नळी जाते आणि तिच्याभोवती ग्लासवूल भरलेलं असतं. हे ग्लासवूल कर्कश, वरचे सूर जास्त शोषतं आणि खालचे सूर पुढे जाऊ देतं. अमेरिकेतला लाल रंगाचा प्रसिद्ध ‘चेरी बॉम्ब’ याच जातीचा. एक लक्षात ठेवा : ग्लासवूल कालांतरानं जळून, झडून जातं आणि गाडी दरवर्षी थोडी जास्त ओरडू लागते.

डब्याचा आकारही महत्त्वाचा. डबा जितका मोठा आणि लांब, तितका तो खालच्या सुरांनाही आवरू शकतो. छोट्या डब्यातून भसाडा आवाज येतो. पत्रा पातळ असेल तर तो स्वतःच टिनाच्या डब्यासारखा वाजतो.

पाइप जाड केला की आवाज खोल होतो, हे अर्धसत्य. गरजेपेक्षा जाड पाइपमध्ये धुराचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला गाडी ओढत नाही. घाटात समजतंच मग!

आमच्या मिस्त्रींनी शेवटी मधल्या भागात एक रेझोनेटर आणि मागे मोठा, कप्प्यांचा सायलेन्सर बसवला. पाइपची जाडी कंपनीची होती तेवढीच ठेवली. रेझोनेटरनं तो घुमणारा सूर खाल्ला. आता सिग्नलला उभी असताना गाडी हळू घुमते, पळताना शांत असते.

खिशाचं आणि कायद्याचं

आता जरा सीरियस. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० नुसार प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर असणं बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले, तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्टाभोवतीचं किमान १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेलं असू शकतं, हेही विसरू नका.

‘आमची गाडी व्हिंटेज आहे’ ही सबब चालत नाही. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल!

गॅरेजमध्ये जाण्याआधी

- आधी गळती तपासा. मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलं असेल तर फटफट आवाज येतो. तो ‘बीट’ नाही, बिघाड आहे. गळका धूर केबिनमध्ये शिरला तर धोका जिवाला, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
- मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पाइप ॲक्सलवरून जातो. खड्ड्यात ॲक्सल वर उचलला तरी पाइपला लागणार नाही, एवढी जागा सोडायला सांगा.
- लटकवण्याचे रबर नवे घ्या. पाइप बॉडीला टेकला की अख्खी गाडी थरथरते.
- ‘३०४ स्टील’ सांगून विकत असतील तर चुंबक लावून बघा. ते चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही.
- गाडी रोज दोन किलोमीटरच फिरत असेल तर सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो. अधूनमधून लांब फेरी मारा.
- जुना सायलेन्सर अजून धड असेल तर फेकू नका. नवा नाही आवडला तर परत तोच लागेल. आमचा फुटलेला होता, म्हणून पैसे दोनदा गेले. दुसऱ्यांदा माझे!

सगळ्यात शेवटी, टेस्ट राइड एकट्यानं घेऊ नका. घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला मागच्या सीटवर बसवा आणि तासभर फिरवून आणा. मागच्या महिन्यात चेकअपहून येताना आमची आजी मागच्या सीटवर चक्क झोपली. मामानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा दाखवला.