सहरीची वेळ, आवाजाची वेळ

रमजान मोहाच्या हंगामात आला की एटापल्लीची पहाट वेगळीच असते. सहरीसाठी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणासाठी, आम्ही उठतो तेव्हा शेजारच्या घरी टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघण्याची लगबग असते. दिवसभर आलापल्ली रस्त्यावर ट्रकांची घरघर चालते. या तास-दोन तासांत मात्र पान पडले तरी ऐकू येते.

परवा इफ्तारला शेजारचा मुलगा आला होता. बारावीत आहे. खजूर खाता खाता त्याने विचारले, "चाचा, गाणे रेकॉर्ड करणारा व्हायचं असन, तं कुठं शिका लागते?" लग्नातल्या डीजेपलीकडे हे काम आमच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. त्याला जे सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी. त्यांचा स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट, म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री एक ते चारच्या दरम्यान झाले. म्हणजे सहरीचीच वेळ! माइक नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत. यंत्रासोबत आलेले अमेरिकन तंत्रज्ञ डेमिंग यांनी दिवसाला १०० रुपये मागितले. त्या काळी ती रक्कम मोठी होती. मग इराणींनी काम समजून घेतले आणि रुस्तम भरुचा यांच्या मदतीने ध्वनिमुद्रण स्वतःच केले. त्यातच फकिराच्या भूमिकेतल्या वझीर मोहम्मद खान यांचे, खुदाच्या नावाने दान मागणारे गाणे मुद्रित झाले. हिंदी सिनेमाचे ते पहिले गाणे.

दुसरे उदाहरण रसूल पूकुट्टी यांचे. केरळमधल्या विळक्कुपारा या खेड्यातले गरीब मुस्लिम कुटुंब, आठ भावंडांत हे धाकटे. गावात वीज नव्हती, अभ्यास रॉकेलच्या दिव्यावर. १९९५ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ध्वनिमुद्रण शिकून बाहेर पडले आणि २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी दोन सहकाऱ्यांसह त्यांना ऑस्कर मिळाले. पुरस्कार घेताना ते 'ओम'विषयी बोलले. ज्याच्या आधी शांतता आणि नंतरही शांतता असते, असा शब्द देणाऱ्या देशातून मी आलो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आवाजाचे काम करणाऱ्याला शांततेची किंमत कळते, ती अशी.

पुण्याची ही संस्था १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. तिथे ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी पदवी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र असावे लागते. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही हा विषय शिकवतात. म्हणून मुलाला पहिले सांगणे हेच, की भौतिकशास्त्र सोडू नकोस. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपने ऐकतो. तो आवाज डिजिटल यंत्रात नीट उतरवायचा, तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावा लागतो. सिनेमाच्या कामात ४८,००० वेळा मोजतात. हे गणित ज्याला उमगले, त्याला यंत्राची भीती वाटत नाही.

पण त्याआधी कान तयार व्हायला हवा. त्यासाठी हातातला मोबाइलही पुरतो. पंखा बंद करायचा. मोबाइल गाणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर, तोंडासमोर न धरता जरा बाजूला ठेवायचा, म्हणजे श्वासाचा फटका बसत नाही. आवाज फाटेल इतका मोठा घ्यायचा नाही. एकदा फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. मग हेडफोन लावून ऐकायचे आणि नको ते काय आले, ते वहीत लिहायचे.

काय रेकॉर्ड करायचे? आपल्या तालुक्यातली रेला गाणी म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या होकारानेच घ्यायची; सोबत नाव, गाव, तारीख नोंदवायची आणि दोन ठिकाणी जपून ठेवायची. जपणे यासाठी महत्त्वाचे, की 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. इतक्या रात्री जागून पकडलेला तो आवाज देशाने गमावला. मुंबईच्या सिनेमाचे असे होते, तर जंगलातल्या गाण्याचे काय?

तिसऱ्या दिवशी मुलगा मोबाइल घेऊन आला. मोह वेचायला निघण्यापूर्वी आजीने माडियात म्हटलेले गाणे त्याने पहाटेच घेतले होते. आवाज स्वच्छ होता. मध्येच मात्र 'खण्ण' असा आवाज आला. ती आमच्या सहरीची थाळी होती.

"परत घ्या लागते, चाचा," तो हसत म्हणाला.

घरात सांगून ठेवले आहे, उद्या भांडी जरा हळू ठेवा.